मायएसक्यूएल अडलं की रीस्टार्टच्या आधी काय पाहायचं

लहान कंपनीत, कॉलेजच्या ऑफिसात किंवा एखाद्या संस्थेत आधीचा माणूस नोकरी सोडून जातो आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" एवढ्या आधारावर डेटाबेसचा सर्व्हर तुमच्या गळ्यात पडतो. तोवर तुम्ही सिलेक्ट आणि जॉइन लिहिलेले असतात, पण सर्व्हर बंद पडलेला कधी पाहिलेला नसतो. मीही अशीच या कामात आले. तेव्हा नेमका कुणीतरी क्रम सांगायला हवा होता, तोच इथे लिहिते आहे.

उदाहरणं उबुंटूवरच्या मायएसक्यूएल ८.० ची आहेत. ८.४ वर जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं, मारियाडीबीवर बरंचसं. तुमच्याकडे अजून ५.७ असेल तर त्याचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला आहे, तेव्हा अपग्रेडचं बोलणं वरिष्ठांशी आजच सुरू करा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. सेटिंगच्या नावांत दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर येतो.

आधी हाताशी काय हवं

- सर्व्हरचं एसएसएच लॉगिन (दुरून टर्मिनल उघडण्याची सोय) आणि सुडो करण्याचा, म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून आज्ञा चालवण्याचा, अधिकार. फक्त पीएचपीमायअ‍ॅडमिनवर भिस्त ठेवू नका, डेटाबेस बंद पडला की तेही उघडत नाही.
- मायएसक्यूएलचं अ‍ॅडमिन खातं, अ‍ॅप्लिकेशनच्या खात्यापासून वेगळं.
- एरर लॉगची जागा. उबुंटूवर ती व्हार, त्यात लॉग, त्यात मायएसक्यूएल या फोल्डरमध्ये असते.
- कालचा बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर खरोखर रीस्टोअर होतो याची खात्री. न तपासलेला बॅकअप हिशेबात धरू नका.
- एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. कोणत्या वेळी काय दिसलं आणि काय बदललं, हे लिहिण्यासाठी.

## १. रीस्टार्टला हात लावण्याआधी पुरावा जमा करा

सगळे फोनवर ओरडत असतात आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली की बहुतेक वेळा काम पुन्हा सुरू होतं, म्हणून हीच सवय लागते. पण रीस्टार्टबरोबर त्या क्षणी कोण काय चालवत होतं, कुणी कुणाला अडवलं होतं, शेवटचा डेडलॉक (दोघांनी एकमेकांसाठी अडून बसणं) कोणता, हे सगळं पुसलं जातं. चार दिवसांनी तोच त्रास परत येतो आणि तुम्ही पुन्हा शून्यावर असता.

म्हणून आधी तीन गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्या. 'शो फुल प्रोसेसलिस्ट' याचा निकाल, 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' याचा निकाल (इनोडीबी म्हणजे टेबलं साठवणारा मायएसक्यूएलचा भाग) आणि एरर लॉगच्या शेवटच्या शंभर-दोनशे ओळी. सोबत लिनक्सच्या बाजूने 'डीएफ' (डिस्क किती भरली) आणि 'फ्री' (मेमरी किती उरली). याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्या वेळात कुणाचं नुकसान होत नाही, हे वरिष्ठांना शांतपणे सांगा.

## २. जोडणीच होत नसेल तर एररचा नंबर वाचा

"डेटाबेस चालत नाही" या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळी कारणं असतात. ती नंबरावरून वेगळी होतात.

२००२: त्याच मशीनवरून सॉकेट सापडत नाही. बहुधा सर्व्हर सुरूच नाही. तिसऱ्या पायरीवर जा.

२००३: दुसऱ्या मशीनवरून पोहोचता येत नाही. कंसातला आकडाही वाचा. १११ असेल तर मशीन सापडलं, पण ३३०६ या पोर्टवर कुणी ऐकत नाही. उबुंटूच्या पॅकेजमध्ये 'बाइंड अ‍ॅड्रेस' मुळातच १२७.०.०.१ असतो, म्हणजे बाहेरच्या जोडण्या घेतल्याच जात नाहीत. ११० असेल तर वाट पाहून वेळ संपला, म्हणजे संशय फायरवॉलवर. इथे घाईत बाइंड अ‍ॅड्रेस ०.०.०.० करून ३३०६ सगळ्या इंटरनेटला उघडं करणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. ठरावीक आयपीलाच परवानगी द्या किंवा एसएसएच टनेलमधून जा.

१०४५: प्रवेश नाकारला. संदेशात खात्याचं नाव आणि ते कुठून आलं, दोन्ही असतं. मायएसक्यूएलसाठी 'अ‍ॅप, लोकलहोस्टवरून' आणि 'अ‍ॅप, कुठूनही' ही दोन स्वतंत्र खाती आहेत, पासवर्डही वेगळे असू शकतात. शेवटी 'यूझिंग पासवर्ड: नो' असेल तर अ‍ॅप्लिकेशनने पासवर्ड पाठवलेलाच नाही, बहुधा कॉन्फिग फाइल वाचली गेलेली नाही. आणि उबुंटूवर रूट खातं पासवर्डने उघडत नाही, ते 'सुडो मायएसक्यूएल' असंच उघडतं. हे माहीत नसल्यामुळे रूटचा पासवर्ड रीसेट करण्यात लोक अख्खी दुपार घालवतात.

१०४०: जोडण्या संपल्या. मूळ मर्यादा १५१ आहे. मर्यादेपलीकडे एक जोडणी अ‍ॅडमिनसाठी राखीव असते, त्यामुळे 'सुडो मायएसक्यूएल' करून तुम्ही आत जाऊ शकता. मात्र अ‍ॅप्लिकेशनच रूट खात्याने जोडलेलं असेल तर ती राखीव जागाही तेच खाऊन बसतं. अ‍ॅप्लिकेशनला वेगळं, कमी अधिकारांचं खातं देण्याचं हे एक ठोस कारण. आत गेल्यावर प्रोसेसलिस्ट पाहा. बहुतेक ओळी 'स्लीप' असतील तर अ‍ॅप्लिकेशन जोडण्या उघडून बंद करत नाही. बहुतेक ओळी एकाच क्वेरीवर अडकल्या असतील तर खरा आजार पाचव्या पायरीतला आहे. दोन्ही वेळी 'मॅक्स कनेक्शन्स' हजारावर नेऊन काही सुटत नाही, मेमरी मात्र जास्त लागते.

२००६ आणि २०१३: चालू जोडणी तुटली. जोडणी फार वेळ रिकामी बसली (मूळ मर्यादा २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास), पाठवलेला मजकूर 'मॅक्स अलाउड पॅकेट'पेक्षा मोठा झाला, किंवा सर्व्हर मध्येच पडून पुन्हा उठला. तिसरं कारण आधी तपासा. 'शो ग्लोबल स्टेटस'मधला 'अपटाइम' अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर सर्व्हर पडला होता.

## ३. सर्व्हर सुरूच होत नसेल

एरर लॉग उघडा आणि शेवटची ओळ सोडून, त्या वेळच्या *पहिल्या* एररपाशी जा. पुढच्या साऱ्या ओळी सहसा तिचेच परिणाम असतात.

डिस्क भरणं हे मी सर्वांत जास्त पाहिलेलं कारण. ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस साठवला जातो, ही गोष्ट ५.७ वरून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. त्या फाइली 'आरएम'ने उडवू नका. सर्व्हर चालू असताना 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' आणि तारीख अशी आज्ञा द्या. रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत असलेला दुसरा सर्व्हर) असेल तर तिने ते लॉग वाचलेत का, हे आधी पाहा. सर्व्हर उठतच नसेल तर जागा दुसरीकडून मोकळी करा: जुने वेब लॉग, जुने बॅकअप, अप्ट कॅश (उबुंटूने डाउनलोड करून ठेवलेली पॅकेजं). डेटा फोल्डरमधल्या 'आयबीडेटा१', रीडू आणि अंडू या नावांच्या फाइलींना कधीच हात लावायचा नाही, त्या कितीही मोठ्या दिसोत. आणि टेबलमधून लाखो ओळी डिलीट केल्या म्हणून डिस्कवरची फाइल लहान होत नाही. ती जागा त्याच टेबलसाठी आत राखून ठेवली जाते.

दुसरं कारण मेमरी. दोन जीबीच्या मशीनवर वेब सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल एकत्र नांदत असतील तर मेमरी संपल्यावर लिनक्स स्वतःच सर्वांत मोठी प्रोसेस मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल असते. अशा वेळी मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये काहीच सापडत नाही, नोंद कुठल्याही इशाऱ्याविना तुटते. लिनक्सच्या 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेच्या निकालात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. 'इनोडीबी बफर पूल साइझ'साठी (डेटा मेमरीत धरण्याची जागा) "एकूण मेमरीच्या ७० टक्के द्या" असा सल्ला सगळीकडे मिळेल. तो फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनचा आहे, सगळं एकत्र असलेल्या मशीनचा नव्हे.

कॉन्फिगमध्ये बदल केल्यानंतर सर्व्हर उठत नसेल तर 'मायएसक्यूएलडी'ला 'व्हॅलिडेट कॉन्फिग' हा पर्याय देऊन चालवा, कोणतं सेटिंग खटकतंय ते कळतं.

'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' हे सेटिंग लोक सहज सुचवतात. फाइली खरोखर खराब झाल्या असतील तेव्हाच, डेटा फोल्डरची पूर्ण प्रत काढून ठेवल्यावर, १ पासून एकेक वाढवत वापरा. ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात.

## ४. क्वेरी हळू असेल तर

कोणती क्वेरी हळू आहे हे अंदाजाने ठरवू नका. 'स्लो क्वेरी लॉग' मुळात बंद असतो, तो चालू करा. 'लाँग क्वेरी टाइम' १० सेकंद असतो, तो १ करा. दिवसभर लॉग साठू द्या आणि 'मायएसक्यूएलडम्पस्लो'ने गोषवारा काढा. पाच सेकंदांची, पण दिवसातून एकदा चालणारी क्वेरी सोडून द्या. सव्वा सेकंदाची आणि दर मिनिटाला शंभरदा चालणारी क्वेरी आधी हातात घ्या.

मग त्या क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लिहा. सुरुवातीला तीन कॉलम पुरेत. 'टाइप'मध्ये 'ऑल' असेल तर पूर्ण टेबल वाचलं जातंय. 'की'मध्ये 'नल' असेल तर एकही इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) वापरला गेला नाही. 'रोज' (rows) हा किती ओळी तपासाव्या लागतील याचा अंदाज. पाच ओळींच्या निकालासाठी आठ लाख ओळी दिसल्या तर दुखणं तिथेच आहे. ८.०.१८ पासून 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' आहे. ते प्रत्यक्ष वेळ दाखवतं, पण त्यासाठी क्वेरी खरोखर चालवतं. आधीच गुदमरलेल्या सर्व्हरवर ते नको.

इंडेक्स आहे, तरी वापरला जात नाही, असं दिसलं तर पुढचे सापळे तपासा.

कॉलमभोवती फंक्शन. 'डेट(प्रवेशाची वेळ) = १ जुलै' असं लिहिलं की त्या कॉलमचा इंडेक्स निकामी होतो. त्याऐवजी 'प्रवेशाची वेळ १ जुलै किंवा नंतर, आणि २ जुलैच्या आधी' अशी पल्ल्याची अट लिहा.

प्रकारातला फरक. मोबाइल नंबर व्हारचारमध्ये साठवलाय आणि क्वेरीत तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिलाय. मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतली किंमत आकड्यात बदलून तुलना करत बसतं. निकाल बरोबर येतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन अवतरणचिन्हं घातली की काम होतं.

जोड इंडेक्सचा क्रम. इंडेक्स (जिल्हा, तालुका, गाव) असा असेल तर जिल्ह्याने किंवा जिल्हा आणि तालुक्याने शोधताना तो कामी येतो. नुसत्या गावाने शोधलं तर सहसा येत नाही. म्हणून इंडेक्स करण्याआधी ऑफिसात लोक खरोखर कशाने शोधतात ते जाऊन विचारा. टेबलकडे बघून ते कळत नाही.

सुरुवातीची टक्केवारीची खूण. लाइकमध्ये नावाच्या आधी ही खूण टाकली की इंडेक्सचा उपयोग नाही. आडनावाच्या सुरुवातीने शोधता येत असेल तर तसं शोधा.

लांबची पानं. 'लिमिट २० ऑफसेट १०००००' म्हणजे एक लाख ओळी वाचून फेकायच्या आणि वीस द्यायच्या. शेवटच्या दिसलेल्या आयडीपुढच्या वीस ओळी मागा.

मात्र दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स घालत सुटू नका. प्रत्येक इन्सर्ट आणि अपडेटला तो प्रत्येक इंडेक्स सांभाळावा लागतो. एक घाला, एक्सप्लेन पुन्हा पाहा, मगच पुढचा.

## ५. क्वेरी हळू नाही, अडकली आहे

हे ओळखणं सोपं आहे. एरवी क्षणात होणारा अपडेट तासभर थांबतो, आणि सीपीयू मात्र निवांत असतो. म्हणजे कुणीतरी लॉक (त्या ओळींवरचा ताबा) धरून बसलंय.

'सिस' या डेटाबेसमधला 'इनोडीबी लॉक वेट्स' हा व्ह्यू पाहा. कोण थांबलंय, कुणामुळे थांबलंय, आणि अडवणाऱ्याला बंद करण्याची तयार आज्ञासुद्धा त्यात असते. अडवणारी जोडणी पुष्कळदा 'स्लीप' दिसते, त्यामुळे नवा माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करतो. कुणीतरी व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू केला, अपडेट चालवला आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्के न करता, जेवायला गेला, असा तो प्रकार. 'इनोडीबी टीआरएक्स' या टेबलमध्ये व्यवहार केव्हा सुरू झाला ते दिसतं. सर्वांत जुना व्यवहार पहिला संशयित.

किल करण्याआधी ती जोडणी कुणाची आहे ते शोधा आणि शक्य असेल तर त्या माणसाला विचारा. तासभर चाललेला मोठा अपडेट किल केला की तो मागे फिरवायलाही बराच वेळ लागतो. त्या काळात सर्व्हर रीस्टार्ट करू नका. उठल्यावर तो तेच अर्धवट काम पुन्हा हाती घेतो.

दोन एररमधला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण त्यावर हिशेबाची अचूकता अवलंबून आहे. १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहून वेळ संपला (मूळ मर्यादा ५० सेकंद). यात फक्त *ती एक आज्ञा* रद्द होते, व्यवहाराचा आधीचा भाग तसाच उघडा राहतो. १२१३ म्हणजे डेडलॉक. यात *पूर्ण व्यवहार* मागे फिरतो. १२०५ नंतर अ‍ॅप्लिकेशनने नुसतं पुढे जाऊन कमिट केलं तर फीची पावती नोंदली जाते आणि खात्यातली बाकी तशीच राहते. प्रोग्रामरला सांगा की दोन्ही वेळी आधी रोलबॅक करायचं (बदल मागे घ्यायचे) आणि पूर्ण व्यवहार पहिल्यापासून पुन्हा चालवायचा. अधूनमधून येणारा डेडलॉक हा बिघाड मानू नका, पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असली की पुरतं. वारंवार यायला लागला तर सगळीकडे टेबलं एकाच क्रमाने अपडेट होतात का ते पाहा. अटीतल्या कॉलमवर इंडेक्स आहे का, तेही पाहा. तो नसेल तर एका ओळीच्या अपडेटसाठी वाचलेल्या सगळ्याच ओळींवर लॉक बसतो.

भर दुपारी चालू सिस्टीमवर 'ऑल्टर टेबल' करताना आणखी एक धोका असतो. प्रोसेसलिस्टमध्ये 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' दिसू लागलं की समजा: एक जुना उघडा व्यवहार ऑल्टरला अडवतोय, आणि ऑल्टरच्या मागे त्या टेबलवरच्या साध्या सिलेक्टचीही रांग लागली आहे. या वाट पाहण्याची मूळ मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक पूर्ण वर्ष आहे. म्हणून ऑल्टरआधी आपल्या सेशनपुरतं 'लॉक वेट टाइमआउट' ५ करा. जमलं नाही तर ऑल्टर मुकाट्याने मागे फिरेल आणि तुम्ही रात्री करू शकाल.

## ६. उत्तर येतं, पण चुकीचं

यात कुठलाही एरर येत नाही, म्हणून मला हाच प्रकार सर्वांत घातक वाटतो.

नल म्हणजे 'माहीत नाही'. '= नल' ही अट कधीच खरी होत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी पूर्ण निकाल रिकामा येतो, तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलची अट 'व्हेअर'मध्ये टाकली की फी न भरलेले विद्यार्थी यादीतून गायब होतात. ती अट 'ऑन'मध्ये न्या. एका विद्यार्थ्याच्या तीन पावत्या आणि दोन पत्ते एकाच क्वेरीत जोडले तर फीची बेरीज दुप्पट होते. आधी पावत्यांची बेरीज वेगळी काढा, मग जोडा. एरर १०५५ आला तर 'ओन्ली फुल ग्रुप बाय' बंद करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ते सेटिंग तुम्हाला अशाच चुकीच्या उत्तरांपासून वाचवत असतं.

आपल्याकडचा खास त्रास वेळेचा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या नोंदी आदल्या दिवसाच्या अहवालात जातात. 'कन्व्हर्ट टीझेड'मध्ये 'एशिया/कोलकाता' लिहून निकाल नल येत असेल तर टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत. '+०५:३०' लिहिलं तर त्यांच्याशिवायही चालतं, आणि भारतात घड्याळ मागेपुढे होत नसल्याने ते बारा महिने बरोबर असतं.

## ७. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा

पडद्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. 'हेक्स(नाव)' काढून साठवलेले बाइट पाहा. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो आणि त्याची सुरुवात 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' अशी होते.

- ई०ए४ दिसतंय आणि कॉलम यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८) आहे: डेटा ठणठणीत आहे, चूक जोडणीत आहे. अ‍ॅप्लिकेशनच्या जोडणीत कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ द्या.
- ई०ए४ दिसतंय, पण कॉलम लॅटिन१ (युरोपीय भाषांचा जुना कॅरेक्टर सेट) आहे: इथे सरळ 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' केलंत तर मजकूर दुहेरी बिघडेल. आधी कॉलम बायनरी प्रकारात न्या, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये.
- सी३ए०सी२ए४ दिसतंय: दुहेरी बिघाड आधीच झालाय. पण मजकूर सहसा परत मिळवता येतो. टेबलची प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करा.
- नुसतं ३एफ, ३एफ, ३एफ: ही खरीखुरी साठवलेली प्रश्नचिन्हं आहेत. मूळ अक्षरं गेली, बॅकअपमधूनच मिळतील.
- साधी इंग्रजी अक्षरं, पण अर्थहीन: जुन्या कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. कॅरेक्टर सेट बदलून काही होणार नाही, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागेल.

जुना 'यूटीएफ८' हा प्रकार तीन बाइटांपर्यंतच घेतो. म्हणून त्यात मराठी नीट बसते आणि अभिप्रायात कुणी इमोजी टाकला की एरर १३६६ येतो. नवं टेबल नेहमी यूटीएफ८एमबी४ मध्येच करा. कॉलमची लांबी ठरवताना 'श्री' ही चार अक्षरं (श, हलंत, र, वेलांटी) मोजली जातात हे ध्यानात घ्या, नावासाठी २० ठेवलेत तर लांब नावं बसणार नाहीत. आणि डेटाबेसात सगळं नीट असूनही सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर कचरा दिसत असेल तर फाइल दोन वेळा क्लिक करून न उघडता एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा.

## ८. दुरुस्ती करताना

'सेफ अपडेट्स' हा पर्याय देऊन क्लायंट सुरू करा, म्हणजे व्हेअर विसरलेला अपडेट किंवा डिलीट चालतच नाही. 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' करा, आज्ञा चालवा, किती ओळी बदलल्या तो आकडा पाहा, जुळला तरच कमिट. ऑल्टर, ड्रॉप आणि ट्रंकेट यांना रोलबॅक नाही, त्या आज्ञा व्यवहाराच्या आत दिल्यात तर आधीचंही कमिट होऊन जातं. बॅकअप घेताना 'मायएसक्यूएलडम्प'ला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' द्या, इनोडीबीची टेबलं अडून न राहता एकाच क्षणाची प्रत मिळते.

## ९. मदत मागताना काय पाठवायचं

आवृत्तीचा आकडा ('सिलेक्ट व्हर्जन'), एररचा पूर्ण संदेश अक्षरशः कॉपी करून, क्वेरी, तिचं एक्सप्लेन, संबंधित टेबलांचं 'शो क्रिएट टेबल', आणि त्रास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं ते. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका, त्यातून कुणालाच काही कॉपी करता येत नाही. पाठवण्याआधी कॉन्फिगमधले पासवर्ड आणि क्वेरीतले लोकांचे आधार नंबर, मोबाइल, बँक खाती काढून टाका. स्लो लॉगमध्ये क्वेरीबरोबर ही माहितीही जशीच्या तशी उतरलेली असते, तेव्हा तो पूर्ण लॉग कुणालाच देऊ नका. हवी तेवढी एक क्वेरी वेगळी काढा, तिच्यातल्या खऱ्या किमती बदला आणि तेवढीच पाठवा.